अमेरिकेतला बंदुकीचा वाद: कोण मरतं, कशामुळे, आणि कायद्याने काय साधतं

प्रश्न असा आहे: "अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की दोनच गोष्टी ऐकू येतात. एक बाजू म्हणते बंदुकांवर बंधनं घाला. दुसरी म्हणते बंदूक मारत नाही, माणूस मारतो, दोष मानसिक आजाराचा आहे. खरं काय? कायदे कडक करून फरक पडल्याचा पुरावा आहे का? माझी मुलगी आणि जावई टेक्ससमध्ये राहतात, दोन लहान नातवंडं आहेत. जावई घराच्या संरक्षणासाठी पिस्तूल घ्यायचं म्हणताहेत. त्यांना काय सांगू?"

मी अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात बरीच वर्षं इमर्जन्सी विभागात डॉक्टर होते. नंतर इजा आणि अपमृत्यू कसे टाळता येतील यावरच्या संशोधनाकडे वळले. त्यामुळे या विषयावर माझी मतं ठाम आहेत आणि ती मी लपवणार नाही. जावयांबद्दलचा प्रश्न शेवटी घेते, कारण त्याचं उत्तर आधीच्या सगळ्यावर उभं आहे.

आधी कोण मरतं ते पाहू. २०२२ मध्ये अमेरिकेत गोळी लागून ४८,२०० च्या आसपास माणसं मेली. त्यात सुमारे २७,००० आत्महत्या होत्या आणि साधारण १९,६०० खून. उरलेल्यांत पोलिसांच्या गोळीने मेलेले, अपघात आणि नेमकं काय घडलं ते न कळलेले मृत्यू येतात. ज्या घटनांमुळे जगाला हा विषय आठवतो, म्हणजे शाळेत, दुकानात, प्रार्थनास्थळात घुसून केलेला बेछूट गोळीबार, त्यातले मृत्यू एकूण आकड्याच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास भरतात. कनेटिकट राज्यातल्या सँडी हूकच्या शाळेत २०१२ मध्ये २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेत २०२२ मध्ये १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या आईबापांसमोर टक्केवारी बोलायची माझी छाती नाही. पण धोरण ठरवताना एवढ्याच घटना डोळ्यांसमोर ठेवल्या की बाकीचे जवळजवळ सगळे मृत्यू चर्चेतून गळून पडतात. गेली कित्येक वर्षं तेच चाललं आहे.

हे मृत्यू एका प्रकारचे नाहीत. आत्महत्या करणारे बहुतेक पुरुष असतात, त्यातही गोरे, मध्यमवयीन किंवा म्हातारे, आणि ग्रामीण भागातले. वायोमिंग, मोंटाना अशा विरळ वस्तीच्या राज्यांत हे प्रमाण देशात सर्वांत वरचं आहे. खून होणाऱ्यांत काळ्या तरुणांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट आहे, आणि तेही प्रत्येक शहरातल्या ठरावीक वस्त्यांमध्ये. बाईचा खून झाला तर मारेकरी फार वेळा तिचा नवरा, जोडीदार किंवा तिने सोडलेला जोडीदार असतो. अगदी लहान मुलं घरातल्याच भरलेल्या पिस्तुलाने जातात, कधी स्वतःच्या हातून तर कधी भावंडाच्या. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. त्याआधी ते स्थान मोटार अपघातांचं होतं. या सगळ्यांवर एकच कारण आणि एकच कायदा सांगणारा माणूस, तो कुठल्याही बाजूचा असो, यातल्या एखाद्याच प्रकाराबद्दल बोलत असतो.

आता "माणूस मारतो" या म्हणण्याकडे येते. ते उडवून लावावं असं मला वाटत नाही. खरोखरच, मारायची इच्छा माणसाच्या मनात असते. प्रश्न एवढाच आहे की तीच इच्छा, तोच राग, तेच भांडण असताना हातात काय आहे याने निकाल बदलतो का. याची तपासणी झालेली आहे. १९६८ मध्ये कायद्याचे अभ्यासक फ्रँकलिन झिमरिंग यांनी शिकागो पोलिसांच्या नोंदींमधले चाकूहल्ले आणि बंदुकीचे हल्ले शेजारी ठेवून पाहिले. जीव घ्यायचाच असं ठरवलेला माणूस बंदूक उचलतो आणि नुसता रागावलेला चाकू, असं असतं तर दोन्ही प्रकारच्या हल्ल्यांमागची परिस्थिती वेगळी दिसायला हवी होती. ती फारशी वेगळी नव्हती. बरीचशी भांडणं ओळखीच्या माणसांमधली, आयत्या वेळी पेटलेली, दारू पोटात असताना झालेली. मृत्यू मात्र बंदुकीच्या हल्ल्यांत सुमारे पाचपट. पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, अँथनी ब्रागा आणि फिलिप कुक यांनी बॉस्टनमधल्या गोळीबारांचा अभ्यास केला तेव्हा बंदुकी-बंदुकींतही हाच फरक दिसला. किती गोळ्या लागल्या आणि कुठे लागल्या हे सारखं धरलं तरी मोठ्या कॅलिबरच्या, म्हणजे जास्त जाडीच्या गोळीने जास्त माणसं दगावत होती.

इमर्जन्सीत काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. चाकू लागलेला मुलगा बहुतेक वेळा वाचायचा, आणि तो वाचला म्हणून ज्याने वार केला तोही खुनी ठरायचा नाही. दोन्ही पोरांना पुढचं आयुष्य मिळायचं. ज्यांना गोळी लागली होती त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरच्यांना भेटायला मला बाहेर जावं लागलं आहे.

अमेरिकन माणूस मुळातच जास्त हिंसक आहे, हा समजही टिकत नाही. नव्वदच्या दशकात झिमरिंग आणि गॉर्डन हॉकिन्स यांनी न्यूयॉर्क आणि लंडनची तुलना केली. चोऱ्या आणि घरफोड्या लंडनमध्ये जास्त होत्या. लुटताना झालेले खून मात्र न्यूयॉर्कमध्ये कित्येक पटींनी अधिक. गुन्हेगारी दोन्हीकडे होती, प्राणघातक होती ती एकीकडे. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे ३९ कोटी ३० लाख बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त.

मानसिक आजाराबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे पुरावा बराच स्पष्ट आहे. स्किझोफ्रेनियासारखे गंभीर आजार जगभर साधारण सारख्या प्रमाणात आढळतात, गोळीबार आढळत नाही. मानसिक आजार आणि हिंसा यांचा अभ्यास करणारे जेफ्री स्वॉन्सन यांच्या हिशेबाप्रमाणे अमेरिकेतून गंभीर मानसिक आजाराचा हिंसेतला वाटा उद्या पूर्ण काढून टाकता आला तरी हिंसा सुमारे ४ टक्क्यांनीच कमी होईल. दारू, तरुण वय, पुरुष असणं, आधी केलेली मारहाण ही धोक्याची फार मोठी चिन्हं आहेत. प्रत्येक गोळीबारानंतर पुढारी मनोरुग्णांकडे बोट दाखवतात तेव्हा उपचार घेत असलेल्या लाखो निरुपद्रवी माणसांवर डाग बसतो. याचा मला खरोखर राग येतो. मानसिक आरोग्याचा प्रश्न जिथे आहे तो भाग म्हणजे आत्महत्या, आणि त्याबद्दल हे पुढारी सहसा बोलतच नाहीत.

आत्महत्येबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण सर्वांत जास्त जीव तिथे जातात आणि सर्वांत मोठा गैरसमजही तिथेच आहे. लोक म्हणतात, ज्याला मरायचंय तो काहीही करून मरेल. हे खरं नाही. तीव्र इच्छेची लाट फार वेळा थोडा काळ टिकते, कधी काही मिनिटं, कधी काही तास. प्रयत्न करून वाचलेल्यांपैकी दहातले जवळपास नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. त्यांची लग्नं होतात, नोकऱ्या बदलतात, ती म्हातारी होतात. पण हे वाचलेल्यांचं झालं. बंदुकीच्या प्रयत्नातून फार थोडे वाचतात. दुसरा विचार यायला वेळच मिळत नाही.

कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांचं बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट निघालं, बायकांमध्ये पस्तीसपट. इतर मार्गांनी होणाऱ्या आत्महत्या या गटात जास्त नव्हत्या. म्हणजे ही मुळात जास्त दुःखी माणसं होती असं म्हणायला आधार नाही. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. खरेदीनंतरचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असले तरी निम्म्याहून अधिक मृत्यू वर्ष उलटून गेल्यावर झाले. बंदूक घेताना मन स्थिर होतं, ती कपाटात पडून राहिली, आणि मग एका वाईट रात्री ती हाताशी होती.

ही रात्र टाळता येते. इस्रायली सैन्यात तरुण सैनिक आठवड्याच्या शेवटी सुटीवर जाताना शस्त्र घरी नेत असत. २००६ मध्ये सैन्याने ते तळावरच ठेवायचा नियम केला. सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि घट झाली ती सुटीच्या दिवसांत. शस्त्र आणि तो क्षण यांच्यात अंतर पडलं.

माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीत आहे. बंदुकीमुळे क्षणभराच्या मनःस्थितीचा निकाल कायमचा लागतो. म्हणून जे उपाय त्या क्षणाला आणि बंदुकीला एकमेकांपासून लांब ठेवतात ते चालतात. जे केवळ बंदुकीच्या दिसण्यावर किंवा माणसाच्या लेबलावर बोट ठेवतात ते फारसे चालत नाहीत.

रस्त्यावरच्या खुनांनाही हे लागू पडतं, फक्त तिथे त्या क्षणामागे लांबलचक इतिहास आहे. काळ्या लोकांना घरकर्ज नाकारणारी धोरणं, ठरावीक वस्त्यांत कोंडलेली गरिबी, बंद पडलेले कारखाने, आणि पोलिसांवरचा उडालेला विश्वास. देशभरात साधारण निम्म्या खुनांचा छडाच लागत नाही, आणि या वस्त्यांत त्याहून कमी लागतो. मित्राला मारणारा मोकळा फिरतोय आणि उद्या आपली पाळी असेल, या भीतीने सतरा वर्षांचं पोर कमरेला पिस्तूल लावतं. मग समोरच्यालाही तीच भीती. तपासताना अशा पोरांशी मी बोललेली आहे. शौर्याची भाषा त्यांच्या तोंडी क्वचितच असायची. बहुतेकांना झोप लागत नव्हती.

इथे नव्या कायद्यांची वाट न बघताही बरंच करता येतं. बॉस्टनमध्ये १९९६ साली पोलीस, पाद्री, समाजकार्यकर्ते आणि डेव्हिड केनेडी यांच्यासारखे संशोधक एकत्र आले. शहरातल्या बहुतेक गोळीबारांमागे अगदी थोडी, नावानिशी माहीत असलेली मुलं होती. त्यांना समोर बसवून सांगितलं गेलं की गोळीबार थांबलाच पाहिजे, थांबवलात तर नोकरी, शिक्षण, मदत मिळेल, नाही थांबवलात तर तुमच्या सगळ्या टोळीवर कारवाई होईल. तरुणांचे खून निम्म्याहून अधिक घटले. फिलाडेल्फियात चार्ल्स ब्रॅनस आणि सहकाऱ्यांनी कचऱ्याने भरलेले ओसाड भूखंड स्वच्छ करून तिथे गवत आणि झाडं लावली. कुठले भूखंड सुधारायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडलं होतं, म्हणजे औषधाच्या चाचणीइतकाच हा पुरावा भक्कम आहे. सर्वांत गरीब वस्त्यांमध्ये बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाली. असल्या कामाला टीव्हीवर जागा मिळत नाही. पैसाही एका निवडणुकीपासून दुसऱ्या निवडणुकीपर्यंतच मिळतो. बॉस्टनचा प्रयोगही पुढे ढिला पडला आणि हिंसा परत वाढली.

आता कायदे. फेडरल, म्हणजे संपूर्ण देशाच्या पातळीवर १९९३ च्या ब्रेडी कायद्याने परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणं बंधनकारक केलं. पण खाजगी व्यक्तीने दुसऱ्याला विकली तर फेडरल कायद्याला ही तपासणी लागत नाही. शिवाय तपासणी तीन दिवसांत पुरी झाली नाही तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ काळ्या भाविकांना मारणाऱ्याला बंदूक याच फटीतून मिळाली. राज्यांचा अनुभव असा की नुसत्या तपासणीपेक्षा खरेदीपूर्व परवाना जास्त परिणामकारक ठरतो, म्हणजे आधी अर्ज, मग पडताळणी, मग थोडी वाट. कनेटिकटने १९९५ मध्ये हा परवाना आणला आणि पुढच्या वर्षांत बंदुकीचे खून अपेक्षेपेक्षा बरेच कमी झाल्याचं संशोधकांना आढळलं. मिझुरीने असलेला परवाना २००७ मध्ये काढून टाकला. तिथे खून वाढले, शेजारच्या राज्यांत तशी वाढ नव्हती. धोक्याच्या काळात न्यायालयाच्या हुकमाने बंदूक तात्पुरती काढून घेण्याचा कायदाही कनेटिकटनेच १९९९ मध्ये पहिल्यांदा केला. स्वॉन्सन यांच्या अंदाजाप्रमाणे अशा दर दहा ते वीस हुकमांमागे एक आत्महत्या टळते. कुठल्याही औषधाचा असा हिशेब आला असता तर आम्ही डॉक्टरांनी ते आनंदाने लिहून दिलं असतं.

उलट बाजूही मांडते. लष्करी धाटणीच्या रायफलींवरची बंदी १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं होती. एकूण खुनांवर तिचा मोठा परिणाम दिसला नाही, कारण खून बहुतेक पिस्तुलांनी होतात, रायफलींनी फार थोडे. एका वेळी जास्त गोळ्या मावणाऱ्या मोठ्या मॅगझिनवरच्या बंदीने सामूहिक गोळीबारातले बळी कमी होतात याला आधार आहे आणि तेवढ्यासाठी मी तिच्या बाजूने आहे, पण ती सगळ्यावरचा इलाज म्हणून विकली जाऊ नये. शहरात एखाद्या दिवशी बंदुका गोळा करून कूपन वाटण्याच्या कार्यक्रमांनी हिंसा घटल्याचा पुरावा जवळपास नाही.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. पोर्ट आर्थरमध्ये एप्रिल १९९६ मध्ये ३५ माणसं मारली गेल्यावर जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने, तेही उजव्या विचारांच्या, सेमी-ऑटोमॅटिक (चाप ओढला की दर वेळी एक गोळी सुटून पुढची आपोआप भरणाऱ्या) रायफली बंद केल्या, परवाने कडक केले आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. त्या देशाचं भलं झालं असं माझं मत आहे. पण अमेरिकेत हे जसंच्या तसं होणार नाही. बंदुकांची संख्या हे एक कारण. दुसरं, १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात शस्त्र बाळगणं हा व्यक्तीचा हक्क मानला. २०२२ च्या ब्रुएन निकालाने तर आजच्या प्रत्येक निर्बंधाला इतिहासातल्या तशा परंपरेचा आधार मागितला. तरीही दार बंद नाही. हेलरच्याच निकालात हा हक्क अमर्याद नसल्याचं लिहिलं आहे, आणि २०२४ मध्ये रहिमी खटल्यात न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी, कौटुंबिक हिंसेमुळे मनाई हुकूम असलेल्या माणसाकडून बंदूक काढून घेता येते हे मान्य केलं.

शिकागोत कायदे कडक असूनही खून का, हाही लाडका मुद्दा आहे. शिकागोच्या गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांपैकी निम्म्याहून अधिक इलिनॉय राज्याबाहेर पहिल्यांदा विकल्या गेलेल्या असतात, त्यात इंडियाना सर्वांत पुढे. इंडियानाची हद्द शहराला लागूनच आहे. शहराच्या कायद्याला मोटारीतून येणारा माल अडवता येत नाही.

या सगळ्यावर आपल्याला आणखी खूप कळायला हवं होतं. १९९६ मध्ये आर्कान्सॉचे काँग्रेस सदस्य जे डिकी यांच्या नावाच्या दुरुस्तीने सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राला (सीडीसी) बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करायला मनाई झाली, आणि केंद्र या संशोधनावर खर्च करत असलेले २६ लाख डॉलर्स दुसरीकडे वळवले गेले. पुढची वीसेक वर्षं तरुण संशोधक या विषयाजवळ फिरकेनात. डिकी यांनी स्वतः २०१२ मध्ये आपलं मत बदलल्याचं जाहीरपणे लिहिलं. निधी परत सुरू झाला तो २०१९ च्या शेवटी, २ कोटी ५० लाख डॉलर्स. एवढे जीव घेणाऱ्या कुठल्याही आजारावर इतका तुटपुंजा खर्च झाला असता तर लोक रस्त्यावर उतरले असते.

बंदूक बाळगणाऱ्यांना शत्रू समजून हा प्रश्न सुटणार नाही, हेही मला सांगायचं आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली आठवड्याभरात तीन अनोळखी माणसांनी एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांतच जीव दिला. दुकानाचा मालक हादरला. तो आरोग्य कार्यकर्त्यांबरोबर बसला, आणि त्यातून दुकानदारांसाठी खुणा तयार झाल्या: गोळ्या किती आणि कशासाठी हव्यात याची पर्वा नसलेला, देखभालीबद्दल काही न विचारणारा, अस्वस्थ गिऱ्हाईक दिसलं तर विक्री थांबवा, बोला. हा उपक्रम पुढे इतर राज्यांतही गेला.

आता तुमचे जावई. प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३ च्या सर्वेक्षणात बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी संरक्षण हे मोठं कारण सांगितलं, तेव्हा त्यांची भीती जगावेगळी नाही. बंदुकीने स्वतःचा बचाव वर्षातून किती वेळा होतो यावर अंदाज टोकाचे आहेत: एका सर्वेक्षणावरून काढलेला २५ लाखांचा, तर सरकारी गुन्हेपीडित सर्वेक्षणावरून काढलेला एक लाखाच्या आत-बाहेरचा. मला दुसरा जास्त विश्वासार्ह वाटतो. घरात बंदूक आली की घरातल्यांचाच खून आणि आत्महत्या यांचा धोका वाढतो, हे मात्र एकामागून एक अभ्यासांत दिसत आलं आहे. दोन लहान मुलं असलेल्या घरात पिस्तूल आणू नये असंच मी सांगेन. चांगली कुलपं, दारावर दिवा, अलार्म यांवर खर्च करावा.

तरीही घेतलंच तर ते रिकामं करून कुलूपबंद तिजोरीत, आणि गोळ्या वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. उशीखाली, पर्समध्ये, कपाटाच्या वरच्या फळीवर नाही. मुलांना आपल्याला वाटतं त्याच्या आधीच जागा माहीत झालेल्या असतात. नीट न ठेवलेलं भरलेलं शस्त्र सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर टेक्ससमध्ये तो गुन्हाही आहे. नातवंडं कुणाकडे खेळायला जाणार असतील तर मुलीने त्या घरी आधी विचारावं, "तुमच्याकडे बंदूक आहे का, असल्यास कुलपात असते का?" तिथले बालरोगतज्ज्ञ हे विचारायला सांगतात. ॲलर्जीबद्दल आपण संकोच न करता विचारतो, तितक्याच सहज हेही विचारता येतं. आणि घरातलं कुणीही, जावई स्वतः धरून, नोकरी गेली, संसारात ताण आला, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागलं, तर त्याच दिवशी पिस्तूल घराबाहेर काढावं. कायद्याने चालत असेल तर विश्वासू मित्राकडे, नाहीतर काही बंदूक दुकानं आणि पोलीस ठाणी तात्पुरती ठेवून घेतात. सोबत ९८८ या आत्महत्या रोखण्यासाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक अमेरिकेत चोवीस तास चालतो, आणि ज्याला आपल्या माणसाची काळजी वाटते आहे त्यालाही तिथे बोलता येतं.